नगदी पिकाचा पैसा कोणाच्या पदरात?

घरच्या खाण्यासाठी नव्हे, तर बाजारात विकण्यासाठीच जे पीक घेतले जाते, त्याला नगदी पीक म्हणतात. ऊस, कापूस, हळद, तंबाखू, द्राक्षे ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे. ज्वारी-बाजरीने पोट भरते. मात्र औषधपाणी, शिक्षण, लग्नकार्य यांसाठी लागणारी रोकड तिच्यातून क्वचितच उरते. त्यामुळे दारिद्र्य हटविण्याचा मार्ग म्हणून नगदी पिकांकडे पाहिले गेले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु केवळ पीक नगदी आहे म्हणून शेतकरी सुखी होत नाही. माल विकताना त्याच्या हाती काय असते, यावर बरेच काही ठरते.

याचा पहिला मोठा धडा दीडशे वर्षांपूर्वी मिळाला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस आटला. मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव कडाडले, सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच राहिले. त्यातच जमीन महसुलाची फेरआकारणी झाली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि आसपासच्या गावांत सावकारांची खतपत्रे जाळण्यात आली. हेच ‘दख्खनचे दंगे’. 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो यामुळेच.

उसाची वाट निराळी ठरली. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही, तर साखरेचा उतारा घटतो. म्हणून ऊस उत्पादक जवळच्या कारखान्याशी बांधलेला असतो. कारखाना दुसऱ्याचा असेल, तर हे बंधन म्हणजे लाचारी. स्वतःचा असेल, तर तीच ताकद. विठ्ठलराव विखे पाटील यांनी हे ओळखले. त्यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे 1948 मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि 1950-51 मध्ये पहिले गाळप झाले. शेतकरीच भागधारक असल्याने साखरेचा नफा गावाकडे वळला. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी राहिली. कायद्याचे पाठबळही मिळाले: 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, तर 2009 पासून केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. अर्थात, थकलेली बिले, कारखान्यांतील राजकारण आणि डबघाईला आल्यावर झालेली त्यांची विक्री, हेही याच सहकाराचे चित्र आहे.

कापूस उसासारखा नाशवंत नाही, तो साठवता येतो. पण साठवायला ऐपत लागते. कर्जदार शेतकऱ्याला पहिल्या वेचणीचा माल बहुधा मिळेल त्या भावाने विकावा लागतो. राज्याने 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली, तिचा हेतू व्यापाऱ्याची पकड सोडविण्याचा होता. तथापि चुकारे रखडले, तोटा वाढत गेला आणि 2002 च्या सुमारास हा एकाधिकार संपुष्टात आला. त्याच वर्षी बीटी कापसाला मंजुरी मिळाली. बोंडअळीवरील फवारण्या सुरुवातीला घटल्या. परंतु संकरित बियाणे दरवर्षी विकत घेणे आले, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्या वाणांनाही दाद दिली नाही. विदर्भातील कापूस मुख्यतः पावसावर पिकतो. त्यामुळे खर्च आधी ठरतो, उत्पन्न मात्र पावसाच्या मर्जीवर.

आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. 2008 च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. कोरडवाहू भागात जमीन जास्त आणि उत्पन्न कमी, त्यामुळे असंख्य कापूस उत्पादक त्या मर्यादेबाहेर राहिले. सावकारी कर्जाला तर ती योजना लागूच नव्हती.

उसाच्या समृद्धीलाही दुसरी बाजू आहे. पाण्याचा मोठा वाटा हे पीक घेते, आणि त्याची तोडणी करतात ते दुष्काळी भागातील अल्पभूधारक व भूमिहीन. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडली जाते. हंगामाअखेर फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या नावावर चढते.