सनद आली तेव्हा

सरकारी नोकरी सोडून खासगी प्रॅक्टिस सुरू करणारा वकील म्हटलं, की आपल्याला एक ठरलेली वाट दिसते. आधी पगार, मग ओळखी, मग स्वतःची पाटी आणि मोठी फी. कॉर्नेलिया सोराबजींचा प्रवास वरवर तसाच आहे. पण तारखा एकाखाली एक मांडल्या, की मला तो उलटा दिसतो. प्रॅक्टिस करायची परवानगी नव्हती, म्हणून त्या सरकारी नोकरीत गेल्या.

जन्म १८६६ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती मुलगी म्हणून नाकारली गेली, तेव्हा तिकडच्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची बीसीएल परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं.

भारतात परतून त्यांनी मुंबईची एलएलबी केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाहीच. मग त्यांनी सरकारपुढे एक अडचण मांडली. पडद्यातल्या स्त्रियांच्या नावावर जमीनजुमला असे, पण परपुरुषासमोर यायची बंदी. म्हणजे वकिलालाही भेटता यायचं नाही. कारभारी पुढे करेल त्या कागदावर अंगठा उठवायचा. अशांसाठी बाई वकील हवी, हे सरकारला पटायला काही वर्षं लागली. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’मध्ये, म्हणजे अशा वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांची नेमणूक झाली. पुढची सुमारे अठरा वर्षं त्या जनानखान्यांत जाऊन वारसाहक्क, पोटगी, मुलांचं शिक्षण हे प्रश्न सोडवत राहिल्या. कोर्टात बोलायचा हक्क अशिलांना नव्हता तसा त्यांनाही नव्हता.

दरम्यान इतर जणीही दार ठोठावत होत्या. १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने रेजिना गुहांचा अर्ज फेटाळला, १९२१ मध्ये पाटण्याने सुधांशुबाला हाजरांचा. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र सोराबजींना सनद दिली. १९२३ मध्ये कायदाच झाला: केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिली नाकारता येणार नाही. १९२४ मध्ये, नोकरीतून निवृत्त झालेल्या सोराबजी कलकत्त्यात बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या. वय ५७.

आणि कामं कसली मिळाली? बहुतेक कागदांवर मत लिहून देण्याची. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायला पुरुष वकील होते. त्यात त्या ब्रिटिश राज्याच्या समर्थक, गांधीजींच्या विरोधक. कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ची बाजू घेतल्यावर तर लोकांची सहानुभूतीही आटली. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण त्यासाठी त्यांचं काम पुसून टाकणंही पटत नाही. १९२९ मध्ये त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि लंडन गाठलं.

हिशेब मांडला तर नोकरीत त्यांनी कितीतरी घरं सावरली आणि प्रॅक्टिसमध्ये फारसं काही कमावलं नाही. तरीही मला प्रॅक्टिसची ती पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. नोकरी सरकारच्या मर्जीने एका बाईसाठी तयार झाली होती. १९२३ चा कायदा मात्र कुणा एकीसाठी नव्हता. त्यानंतर काळा कोट घालायला कुठल्याही मुलीला सोराबजींइतकं असामान्य असण्याची गरज उरली नाही.