‘ते माझ्याकडे नाही, अमक्यांकडे विचारा’

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी धार्मिक विधीसाठी आलेल्या माणसाला आधी तीन गोष्टी विचारल्या जातात: आडनाव काय, मूळ गाव कोणते आणि जात कोणती. उत्तर ऐकून समोरचे उपाध्याय पुष्कळदा म्हणतात, “तुमचं घराणं आमच्याकडे नाही, अमक्यांकडे जा.” मग त्या घरी वह्या निघतात आणि त्यांत पाहुण्याच्या आजोबा-पणजोबांची नावे, ते कधी आले होते ती तिथी, कधी त्यांच्या हातची सहीसुद्धा सापडते. जुनी पाने मोडीत असतात. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या वह्यांचे वर्णन आहे. यात्रेकरू आपल्या वडिलांचे, आजोबांचे आणि भावाबंदांचे नाव लिहून देतो. शिवाय आपल्या घरातील जो कोणी पुढे येईल त्याने याच उपाध्यायांकडे जावे, असेही लिहून ठेवतो.

शिक्षकमित्रांनो, या व्यवस्थेकडे श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून माहितीशास्त्राच्या नजरेने पाहू या. सर्व घराण्यांची एकत्र अशी एकच वही नाशकात नाही. माहिती अनेक घरांत विभागलेली आहे, आणि तरी ती सापडते. याचे कारण असे, की प्रत्येकाला स्वतःजवळ काय आहे ते ठाऊक असते आणि जे नाही ते कोणाकडे असेल याचाही बऱ्यापैकी अंदाज असतो. ही दुसऱ्या प्रकारची माहिती फार मोलाची आहे. संगणकशास्त्रात तिला ‘रेफरल’ म्हणतात. आपण तिला ‘निर्देश’ म्हणू.

संगणकांच्या जाळ्याला या युक्तीची गरज जरा उशिरा पटली. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात १९७० च्या दशकात सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले, तशी यादी सतत बदलू लागली आणि हातातली प्रत शिळी ठरू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डीएनएस’ ही पद्धत मांडली. तिच्यात मुळाशी असलेला संगणक पूर्ण उत्तर देतच नाही. ‘डॉट इन’ने संपणारे नाव विचारले, तर तो फक्त म्हणतो, “भारताची नोंदवही त्यांच्याकडे आहे, तिकडे विचारा.” ही भारताची वही २००५ मध्ये नवी व्यवस्था येईपर्यंत आपल्या मुंबईतच, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राच्या (एनसीएसटी) परंपरेत, सांभाळली जात होती, हे वर्गात जरूर सांगावे.

माणसांची, खात्यांची आणि परवानग्यांची सूची ठेवण्यासाठी १९८८ मध्ये ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले. त्यात एक जुनाच प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला गेला: निर्देश मिळाल्यावर चालायचे कोणी? समजा, तुम्ही पत्र पाठवले आणि तो माणूस बदली होऊन गेला आहे. टपालखाते पत्रावर नवा पत्ता लिहून ते तुमच्याकडे परत पाठवू शकते. मग दुसरे पत्र तुम्हीच टाकायचे. किंवा खाते ते पत्र स्वतःच नव्या पत्त्यावर रवाना करील. तुम्हाला काही कळणारही नाही. पहिली तऱ्हा निर्देशाची. दुसरीला साखळी म्हणता येईल. एक्स.५०० मध्ये दोन्हींची सोय होती, पण ते प्रमाण इतके अवजड होते, की साध्या टेबलावरच्या संगणकाला पेलेना. म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘एलडॅप’ ही हलकी भाषा तयार केली. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत विचारणाऱ्याला निर्देश देण्याची तरतूदच नव्हती. सर्व धावपळ सेवक-संगणकाने करायची. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीने निर्देश ग्राहकाच्या हाती देण्याची परवानगी दिली.

इथून खरी गंमत सुरू झाली. मोठ्या संस्थेत मूळ सूची एका ठिकाणी आणि तिच्या प्रती शाखांत असतात. प्रत वाचता येते, पण तिच्यात बदल करू म्हटले तर ती मूळ सूचीकडे बोट दाखवते. पुष्कळ साध्या प्रणालींना या बोटाचा अर्थच कळत नाही. त्या “चूक झाली” म्हणून थांबतात. त्यामुळे ओपनएलडॅपसारख्या सूचीसेवकात अशी मांडणी करता येते, की शाखेतल्या प्रतीनेच निर्देशामागे जावे, मुळाशी बदल करून यावे आणि ग्राहकाला फक्त “झाले” एवढे सांगावे.

सोयीचे आहे खरे. पण सेवक दुसऱ्याच्या दारी जातो तो कोणाच्या नावाने? तुमचा परवलीचा शब्द घेऊन तो कोणत्याही अनोळखी दारी गेला, तर निर्देश खोटा निघाल्यावर शब्द चोराच्या हाती पडला म्हणून समजा. म्हणून नीट केलेल्या मांडणीत सेवक स्वतःची ओळख देतो आणि “मी अमक्याच्या वतीने आलो आहे” असे सांगतो. समोरच्याने ते मानायचे तर दोघांत आधीपासून विश्वास ठरलेला हवा. मला स्वतःला साखळीपेक्षा ही विश्वासाची बाजू अधिक अवघड वाटते.

दुसरा धोका फेऱ्यांचा. पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणतो पहिल्याकडे जा. (दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना हे समजावून सांगायला नको!) माणूस दोन खेपांत वैतागतो, संगणक वैतागत नाही. म्हणून १९९७ च्या त्या प्रमाणातच बजावले आहे, की निर्देशामागे जाणाऱ्याने फेऱ्यात अडकणार नाही याची काळजी घेतलीच पाहिजे. व्यवहारात उड्यांची मर्यादा ठरवून देतात.

वर्गात याचा खेळ करता येतो. पाच मुलांना नावांच्या वेगवेगळ्या याद्या द्या आणि हवे असलेले नाव फक्त पाचव्याच्या यादीत ठेवा. प्रश्न आणि उत्तर प्रत्येकी एका चिठ्ठीवर लिहायचे. निर्देशाच्या पद्धतीत विचारणारा पाचही जणांकडे स्वतः जातो: दहा चिठ्ठ्या, दहाही त्याच्या हातून. साखळीतही चिठ्ठ्या दहाच होतात, पण त्याच्या हाताला दोनच लागतात. आता मधल्या एका मुलाला गुपचूप वर्गाबाहेर पाठवा आणि दोन्ही खेळ पुन्हा करा. पहिल्या खेळात वाट कुठे तुटली ते विचारणारा लगेच बोट दाखवून सांगतो. दुसऱ्यात तो नुसता उत्तराची वाट पाहत उभा राहतो.