विद्यापीठाचा संघ आणि कौमचा संघ

नाशिक जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला विद्यापीठाकडून खेळायचं असेल तर वाट ठरलेली आहे. आधी कॉलेजचा संघ, मग नाशिक विभाग, मग पुणे आणि नगरच्या विभागांशी गाठ. तिथून पुणे विद्यापीठाचा संघ निवडला जातो, पुढे पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. सॉफ्टबॉल असो, खो-खो असो की क्रिकेट, या वाटेवर खेळाडूचा धर्म कुणी विचारत नाही. यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण एके काळी मुंबईत सगळ्यात मोठी गर्दी जमायची ती धर्माच्या नावानं उतरलेल्या संघांसाठी.

ती स्पर्धा युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांतून वाढली. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली आपण मुसलमान, आणि १९३७ साली उरलेल्यांचा म्हणून ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ. ख्रिश्चन, यहुदी, अँग्लो-इंडियन सगळे त्यात. कोणत्याही खान्यात न बसणाऱ्यांसाठीही खानाच केला!

याच काळात, १९३५ साली, रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. मुंबईच्या एका पारशी बापानं मुलाच्या आठवणीसाठी दिलेला हा करंडक विद्यापीठांच्या संघांसाठी होता. पहिल्या मोसमात तो लाहोरच्या पंजाब विद्यापीठानं जिंकला. लाहोरात इस्लामिया कॉलेज होतं, तसंच डी. ए. व्ही. कॉलेजही होतं. नावावरूनच कोण कुणाचं ते कळायचं. पण बारिया करंडकाला उतरायचं तर दोन्हीकडच्या पोरांना टोपी एकाच विद्यापीठाची घालावी लागे. मला या स्पर्धेचं महत्त्व इथेच दिसतं.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींचा सल्ला घ्यायला गेली. कॉलेज-कॉलेजांमधले, संस्थांमधले सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधीच कळलेलं नाही, असं गांधीजींनी त्यांना सांगितलं. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. मुसलमान संघानं अंतिम सामन्यात रेस्टला हरवलं.

आपल्याकडे काही जण पंचरंगी सामन्यांना सरसकट विष म्हणतात. मला ते पटत नाही. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघानं हिंदू संघाला एका गड्यानं हरवलं. के. सी. इब्राहिम सलामीला येऊन शेवटपर्यंत नाबाद राहिले. चारच वर्षांनी, १९४८ साली, हेच इब्राहिम दिल्लीच्या कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध भारताच्या डावाची सुरुवात करत होते आणि पहिल्याच डावात त्यांनी ८५ धावा केल्या. कौमच्या संघातून खेळला म्हणून माणूस देशाचा राहिला नाही, असं झालं नाही. तरी त्या वर्षांत वर्तमानपत्रांत रोज फाळणीची चर्चा चालू असताना प्रेक्षकांनी धावफलकावर ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ वाचायचं, हे धोक्याचं होतंच. १९४५-४६ च्या मोसमानंतर ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

विद्यापीठाच्या संघाचीही एक अडचण होती. त्यात शिरायला आधी कॉलेजात शिरावं लागे. नाशिकमध्ये हं. प्रा. ठा. कॉलेज १९२४ साली निघालं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. कागदोपत्री नाशिकचा पोरगा मुंबई विद्यापीठाकडून खेळू शकत होता. पण मालेगावच्या विणकराच्या घरातून किती पोरं कॉलेजपर्यंत पोहोचत होती? इस्लाम जिमखान्यानं निदान पदवी मागितली नाही.

बारिया करंडक पुढे चालत राहिला. १९५८-५९ मध्ये अजित वाडेकरांनी मुंबईसाठी ३२४ धावा केल्या, पुढे तो विक्रम सुनील गावस्करांनी ३२७ करून मोडला. नाशिकची कॉलेजं तोवर पुण्याकडे गेली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं, आणि ज्या मुंबईकडून खेळायचं तिच्याच विरुद्ध नाशिकची पोरं उभी राहू लागली.