सात हाली, सहा कलदार आणि दहा लाख पौंड

आज चहाचे पैसे यूपीआयने देताना हा रुपया कुठपर्यंत चालेल, असा विचार आपण करत नाही. निजामाच्या काळात हिंगोलीकराला तो करावा लागायचा. पैनगंगेच्या अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. इकडे चारमिनार छापलेला ‘हाली’ रुपया, तिकडे ‘कलदार’. भाव सात हालीला सहा कलदार. कळमनुरीहून पुसदच्या बाजाराला जायचं, तर आधी हा हिशेब!

१९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी आपल्याकडे हालीच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं. आणि खरा थरार तीन दिवसांनी, थेट लंडनमध्ये! हैदराबादच्या सरकारी खात्यातले १० लाख ७ हजार ९४० पौंड, वर ९ शिलिंग, पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. निजाम म्हणाले, मी परवानगी दिलीच नव्हती, पैसे परत करा. बँकेने पैसे अडकवून ठेवले.

किती काळ? निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला! पाकिस्तानचा दावा फेटाळला गेला. रक्कम वाढून साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेलेली. ती मिळाली भारत सरकार आणि निजामाच्या वारसांना. आता संस्थानाच्या तिजोरीत हिंगोली, वसमतच्या शेतकऱ्याचा साराही जायचाच की! त्याचं नाव मात्र या खटल्यात कुठेच नाही.

हाली तर १९५० च्या दशकातच बाद झाला. आजीच्या पेटीत चारमिनारवालं नाणं सापडलं, तर फोटो नक्की पाठवा.