मालेगावी उतरलेला सुपरमॅन

खानदेशातून दक्षिणेस उतरत गेले की धुळ्यापलीकडे मालेगावचा कसबा लागतो, आणि परदेशी चित्रकथांतील वीर आमच्या मुलखात कोणकोणत्या वाटांनी आले, याचा शोध घेताना माझे मन त्या कसब्यापाशी हटकून थबकते.

वेताळाची वाट कागदाची. ली फॉक यांनी १९३६ साली निर्मिलेला हा मुखवटाधारी वीर मार्च १९६४ पासून मुंबईच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून हिंदुस्थानी वाचकांपुढे येऊ लागला, आणि मराठीत येताना त्याला शिवेवर शेंदूर लेऊन बसणाऱ्या भूतनाथाचेच नाव लाभल्यामुळे तो परका असा कधी भासलाच नाही. अमेरिकेत १९४३ साली त्याच्यावर पंधरा भागांचा बोलपट निघाला होता खरा; पण कवटीच्या अंगठीचा ठसा दुष्टाच्या जबड्यावर उमटलेला पाहण्यास आमच्या वाचकांना छापील पानच पुरले. मात्र १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले, १९९६ चा चित्रपटही चालला नाही, आणि वेताळ जुन्या वाचकांच्या स्मरणापुरता उरला.

सुपरमॅन १९३८ साली कागदावर जन्मला तेव्हा तो उडत नसे, लांब उड्या घेई. त्याच्या आकाशगमनाला डोळ्यांदेखत गती आली ती १९४१ पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या चलच्चित्रांत, आणि १९७८ च्या चित्रपटाने ते उड्डाण, अक्षरशत्रूलाही कळेल अशा रीतीने, देशोदेशी पोहोचवले.

मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या मजुरांना सिनेमाचे वेड फार जुने. तेथे व्हिडिओगृह चालवता चालवता चित्रपटांची जुळणी स्वतःच शिकलेल्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’नंतर सुपरमॅन हाती घेतला, कॅमेऱ्याला चाके हवीत म्हणून सायकल आणि उंची हवी म्हणून बैलगाडी कामी लावली, आणि मध्येच कॅमेरा पाण्यात पडला तरी काम सोडले नाही. त्यांचा नायक लढतो तो गुटख्याशी आणि घाणीशी, म्हणजे गावच्या खऱ्या शत्रूंशी. ती भूमिका करणारा शफीक हा किरकोळ देहाचा मागकामगार पुढे कर्करोगाने गेला, हे आठवले की जीव कळवळतो.

फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही धडपड जगापुढे नेली. त्यात शफीकच्या लाल चड्डीची नाडी पुढे लोंबताना दिसते. मूळ पोशाखात ती नाही, ती मालेगावची आहे.