प्रसंग सूत्रधाराचा, निर्णय खेळाडूचा
जालना, प्रतिनिधी

घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर, अर्थात समर्थ रामदास यांच्या लग्नाची कथा मराठवाड्यात घरोघर सांगितली जाते. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली आणि 'सावधान' हा शब्द कानी पडताच बाल नारायण बोहल्यावरून पळाला. कथेतील इतिहास किती आणि परंपरा किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिची रचना लक्षणीय आहे. मांडव, मुहूर्त, वऱ्हाडी हे सारे इतरांनी ठरवले होते. पुढचे पाऊल मात्र नारायणाने ठरवले. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या 'रोल-प्लेइंग गेम' या प्रकाराचे तंत्र नेमके याच सीमारेषेवर उभे आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असे नाही. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि ते पात्र काय बोलते, काय करते हे सांगतो. एक जण 'गेम मास्टर' असतो. मराठीत त्याला सूत्रधार म्हणता येईल. भोवतालचे जग, इतर पात्रे आणि घडामोडी तो सांभाळतो. एखाद्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तर फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला छापील खेळ मानला जातो.

त्याआधीची एक घटना उद्बोधक आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली याने 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक जर्मन गावावर युद्धखेळ रचला. लढाईपूर्वी काही खेळाडूंना त्याने गावातील व्यक्तींच्या भूमिका दिल्या. खेळाडूंनी लढाईची वाट न पाहता आपापसांत कारस्थाने सुरू केली आणि आखलेला खेळ विस्कटला. आपला प्रयोग फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र तसाच खेळ पुन्हा मागितला. त्या खेळाडूंत अर्नेसनही होता.

प्रसंग कसा मांडावा?

प्रसंग मांडणे म्हणजे स्थळ, वेळ, उपस्थित पात्रे आणि पेच सांगणे. तो कुठून सुरू करायचा हे सूत्रधाराचे खरे कसब. जालन्यातलेच उदाहरण घेऊ. 'तुम्ही मोसंबी घेऊन मोंढ्यात आला आहात, आता काय करता?' ही मांडणी सैल झाली. पेच नसल्याने खेळाडू चाचपडत राहतो. 'व्यापाऱ्याने भाव पाडला आणि तुम्ही संतापून त्याची गचांडी धरली,' ही मांडणी अतिघट्ट झाली. येथे सूत्रधाराने खेळाडूचा राग आणि हात दोन्ही स्वतःच चालवले.

या दोहोंमध्ये योग्य जागा सापडते: 'लिलाव संपत आला आहे. पुकारलेला भाव गेल्या वर्षीच्या निम्मा आहे. टेम्पोचे भाडे आजच द्यायचे आहे. धाकटा भाऊ कानात सांगतो, बाहेर एक व्यापारी जादा भावाने रोखीत माल घेतो, पण वजनकाटा त्याचाच.' येथे सूत्रधाराने थांबावे. दोन्ही वाटांची किंमत खेळाडूला दिसते आणि तिसरी वाट काढण्याची मुभाही उरते.

नावापुरती निवड

या खेळातील सर्वांत जुनी तक्रार आहे ती 'रेलरोडिंग'ची, म्हणजे कथा आधी टाकलेल्या रुळांवरून ओढत नेण्याची. नारायणाचे लग्न झालेच पाहिजे, असे सूत्रधाराने मनाशी ठरवले असते तर? दार बंद निघाले असते, दाराशी मामा उभा असता, कुंपणावरून उडी मारताच पाय मुरगळला असता. प्रत्येक अडथळा स्वतंत्रपणे पटण्यासारखा आहे. पण एकत्रित अर्थ एवढाच, की खेळाडूच्या शब्दाला वजन नाही. हे एकदा लक्षात आले की खेळाडू निर्णय घेणे सोडतो आणि श्रोता होतो.

अधिकारांची वाटणी

अलीकडच्या काही खेळांनी ही सीमारेषा नियमांतच आखली. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९ सालच्या 'फियास्को'मध्ये सूत्रधारच नाही. पाळी आलेल्या खेळाडूने दोहोंपैकी एक निवडायचे: प्रसंग मांडायचा किंवा त्याचा शेवट भला की वाईट हे ठरवायचे. एक अधिकार घेतला की दुसरा मंडळींकडे जातो.

आपल्याकडील नाते

ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील दशावतारात परंपरेने लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान सांगून भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्त संवाद रचतात. तमाशाच्या वगातील सोंगाड्याही प्रसंगाची चौकट राखून हजरजबाबीपणाने रंग भरतो. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी अशाच ऐनवेळच्या शेऱ्यांनी प्रेक्षक जिंकले.

फरक एकच, पण मूलभूत आहे. दशावतारातील नटाला शब्द निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, शेवट निवडण्याचे नाही. असुराचा वध ठरलेलाच असतो आणि तो पाहण्यासाठीच प्रेक्षक रात्र जागवतात. टेबलावरील खेळात प्रेक्षक नाहीत. जे खेळतात तेच पाहतात, त्यामुळे शेवट आधीच ठरला तर खेळण्याचे प्रयोजन उरत नाही.

नव्याने खेळू पाहणाऱ्या सूत्रधाराने प्रत्येक प्रसंगाआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. येथे खरोखर काही पणाला लागले आहे का? खेळाडूला निर्णयापुरती माहिती मिळाली आहे का? आणि त्याने अनपेक्षित उत्तर दिले, तर कथा बदलण्याची आपली तयारी आहे का? पहिली दोन उत्तरे सरावाने जमतात. तिसऱ्यासाठी मात्र नवरदेव पळाल्यावर रिकामा मांडव पाहण्याची तयारी लागते.