‘सा’ आणि ‘म’ यांच्यामधली जागा

पेटीवर सा, कोमल रे, म, प, कोमल ध आणि वरचा सा हे स्वर सावकाश वाजवून पाहा. आपल्याला गुणक्री आठवेल. जपानी श्रोत्याला मात्र ‘साकुरा’ हे घरोघरी ठाऊक असलेले गाणे आठवेल. तेरा तारांच्या कोतो वाद्याची सतराव्या शतकापासून रूढ असलेली एक जुळणी याच स्वरांची आहे.

आता ग्रीकांकडे वळू. त्यांचे सप्तक ‘टेट्राकॉर्ड’ जोडून बनते. टेट्राकॉर्ड म्हणजे चार स्वरांचा गट. त्याच्या दोन टोकांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. ६० सें.मी.ची तार ४५ सें.मी.वर दाबली की हे अंतर मिळते. टोके अचल, मधले दोन स्वर मात्र हलते. त्यांच्या जागांवरून तीन जाती होतात. त्यांतली ‘एन्हार्मोनिक’ सर्वांत विलक्षण. तिच्यात मधले दोन्ही स्वर खालच्या टोकाशी दाटीने बसतात आणि वर मोठी मोकळी जागा राहते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्किटासने तिची गुणोत्तरे २८/२७, ३६/३५ आणि ५/४ अशी दिली. विद्यार्थ्यांना गुणाकार करू द्या, ४/३ येतो.

प्लुटार्कच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात अ‍ॅरिस्टॉक्सेनसच्या हवाल्याने सांगितले आहे, की ही जाती ऑलिंपस या वादकाने (तो बहुधा दंतकथेतलाच) काढली आणि आरंभी खालचा अर्धस्वर विभागलेला नव्हता. म्हणजे उरले सा, कोमल रे, म. त्यावर प-पासून तसाच दुसरा गट रचला की आपली पेटीवरची स्वरावली हजर!

मग जपानने हे ग्रीसकडून घेतले का? आम्हाला तसे वाटत नाही. फुमिओ कोइझुमी या अभ्यासकाने १९५८ साली जपानी स्वरावलींची मांडणी केली. टोके तीच, पण मध्ये एकच स्वर. पेटीवर सा आणि म यांच्यामध्ये चार पट्ट्या आहेत आणि जपानी परंपरांनी चारही वापरल्या: कोमल रे शहरी संगीतात, शुद्ध रे दरबारी संगीताच्या ‘रित्सु’त, कोमल ग लोकगीतांत, शुद्ध ग ओकिनावात. चौकट कानाला गोड लागणाऱ्या ४:३ या गुणोत्तराने ठरते. आत काय बसवायचे, हे ज्याने त्याने ठरवले. जागा चारच असल्या तर दोन अनोळखी माणसे एकाच जागी बसणारच!

शिवाय कोइझुमींनी मोजपट्टी ग्रीकांचीच घेतली होती. त्यांच्या गटात स्वर तीनच. पण त्याचे नाव त्यांनी ‘टेट्राकॉर्ड’, म्हणजे ‘चार तारा’, असेच ठेवले.